उत्कर्ष आर्ट्स

चोपड्याहून यावलकडे जाताना
फाट्याफाट्यावर पिवळ्या पाट्या दिसतात.
त्यांवरची काळी अक्षरं माझ्या बापाची.
नाव रंगवायच्या आधी
तो तिथल्या टपरीवर एक फुल चहा घेई
आणि विचारी : या नावाचा अर्थ काय?

अर्थ नसलेलं गाव त्याला कधी भेटलं नाही.

रुसावद्याला सीता रुसून बसली होती.
तासोद्याला रामानं तासभर विसावा घेतला
(तेव्हा घड्याळ कुणाच्या हाताला होतं,
हे टपरीवर कुणी विचारत नाही).
रावेरकडचा एक केळीवाला शपथेवर सांगे :
गोऱ्या साहेबानं मजुराला विचारलं, हे काय?
मजुराला ऐकू आलं, काय करतोस?
तो म्हणाला, बाग बनाना है साब.
तेव्हापासून सगळं जग केळ्याला बनाना म्हणतं.

अहिराणी म्हणजे अहींची राणी, नागांची बोली,
म्हणून बोलताना जीभ दोनदा वळते.
आणि खानदेशावरून तर रोजचंच भांडण :
एक म्हणे कान्हाचा, एक म्हणे खानाचा,
तिसरा शेवभाजीत भाकर चुरत म्हणे,
खाणाऱ्यांचा.
बाप तिघांनाही हो म्हणे
आणि चहाचे पैसे कोण देतं ते बघे.

मी विद्यापीठात गेले.
सुट्टीत घरी येऊन एकेक गाव उसवू लागले.
तासोद्यातला तास घड्याळाचा नाही, नांगराचा.
रुसावद्यात सीता नाही, रोशा आहे,
तेल काढायचं ते गवत.
अहीर म्हणजे गवळी, नाग कुठून आणलात?
बाप ब्रश पुसत ऐके.
"मंग सीतामाय कथी गयी?"
एवढंच विचारी.
हे आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

दुकानावर त्याची स्वतःची पाटी :
उत्कर्ष आर्ट्स. प्रो. उखर्डू तोताराम बारी.
तिसरीत हजेरीला पोरं हसली तेव्हा
नेहेते मास्तरांनी फळ्यावर लिहून दाखवलं होतं :
उत्कर्ष, उक्कर्ड, उखर्डू.
मधल्या रूपाला कुठलाच आधार नाही.
मास्तरांनी ते उभ्या उभ्या घडवलं, खडूनं.
कोशात मी खरा शब्द पाहिला होता.
केर टाकायची जागा.
तीन वर्षं तो तोंडात धरून होते,
सुपारीच्या खांडासारखा.

मे महिना, पारा सेहेचाळीसवर,
डब्यातल्या रंगावर साय धरत होती.
भिंतीजवळच्या सुपात ब्रश वाळत पडलेले.
मी म्हणाले, हे सूप टाकून दे आता,
नुसती भोकं उरलीत.

"हाई सूपमा मन्ही किंमत व्हती,"
बाप म्हणाला.

आधीचे चार गेलेले.
पाचवा झाला तेव्हा मायनं पहाटे
त्याला उखर्ड्यावर नेऊन ठेवला,
मरणाला वाटावं, हा कुणालाच नको आहे.
शेजारच्या झेलाबाईनं उचलला
आणि सूपभर ज्वारी घेऊन
मायलाच परत विकला.
"त्या दिन आमना घरमा चूल पेटनी नही.
ज्वारी तेवढीच व्हती."

म्हणजे तुला ठाऊक होतं?
"मास्तरले बी ठाऊक व्हतं."
मग ही पाटी?

त्यानं वर पाहिलं, ऊन डोळ्यांत घेत.
"उत्कर्षना र्ष काढाले लई मज्या येस."

चार वाजता आम्ही रुसावद्याला गेलो,
पाटीचा रंग उडाला होता.
मी डबा धरला, त्यानं आधी चहा सांगितला.
टपरीवर नवा पोरगा, विशीतला.
न विचारताच सांगू लागला,
इथंच रुसून बसली होती सीता.

कुठल्या झाडाखाली, मी विचारलं.

त्यानं डांबराकडे बोट दाखवलं.
मागच्या साली गेलं,
रस्तारुंदीत.