मीठपाणी

चौतीस वर्षं खडकीला, दारूगोळ्यात.
तिथे एकच धडा : पेटलं पाहिजे, पण सांगितल्या वेळी.
आता भोसरीत, पत्र्याच्या शेडमध्ये,
डाव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी
मी शिकवतो त्याच्या उलट.

निळं पिंप. पन्नास लिटर पाणी,
अडीच किलो खडेमीठ.
त्यात सोडायचे मेलेले सेल.
मेलेले म्हणजे लोकांच्या लेखी;
आत काहीतरी शिल्लक असतंच,
तोंडातच राहिलेला कुणाचा 'हॅलो',
कात्रजच्या चढाला मान टाकलेली स्कूटर.
बुडबुडे येत राहतात दोन दिवस, तीन दिवस,
मग मीटर लावायचा.
शून्य म्हणजे शून्य, छबूबाई.
पॉइंट चार म्हणजे शून्य नव्हे.

छबू लोखंडे पूर्वी नदीकाठी
तांब्यासाठी वायरी जाळायची.
तो धूर अजून तिच्या खोकल्यात राहायला आहे.
फुगलेल्या सेलला ती 'पोटुशी' म्हणते
आणि सगळ्यात हलक्या हाताने तोच उचलते.

सेल कापला की गोडसर वास येतो,
नेलपॉलिशची बाटली सांडावी तसा.
गोड वाटला की बाहेर पळायचं,
हा आमच्या शेडचा पहिला नियम,
आणि भिंतीवर लिहिलेला एकमेव.

आत अळूवडीचा उंडा :
तांब्याचा पापुद्रा, ॲल्युमिनियमचा पापुद्रा,
मध्ये काळं सारण.
उलगडायचं, खरवडायचं, चाळायचं.
नाकात काळं, नखांत काळं,
घरी उशीच्या अभ्य्रावर काळं.

मग ते जातं काचेपलीकडे, नसीमकडे.
नसीम बागवान, एमएस्सी, आवाज बारीक, हिशोब पक्का.
आम्लात विरघळवून ती एकेकाला वेगळं बोलावते :
कोबाल्ट येतं गुलाबी, पातळ कोकम सरबतासारखं,
निकेल हिरवं, कैरीच्या सालीचं.
लिथियम सगळ्यांच्या शेवटी,
लाजऱ्या पाहुण्यासारखं,
पांढरं, पिठीसाखरेसारखं.
"काका, चाखू नका हं," ती दर वेळी सांगते.
काय चाखतोय मी या वयात.

गेल्या शुक्रवारी घाई होती.
चष्मा कपाळावर, मीटर हातात,
एक सेल मी पास केला.
पॉइंट चार होतं. दिसलं होतं मला.
म्हटलं, एवढ्याने काय होतंय.

गोणीतून आधी गोड वास आला,
मग शिट्टी,
मग तो पांढरा धूर, जो मी ओळखतो,
जो एकदा माझी दोन बोटं घेऊन गेला.
माझे पाय जमिनीला खिळले.
चौतीस वर्षं, आणि पाय खिळले.

वाळूची बादली छबूने ओतली,
दुसरी ओतली, तिसरी ओतली,
गोणी फावड्याने ढकलत उघड्यावर नेली,
खोकून घेतलं पोटभर,
पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली,
"शून्य म्हणजे शून्य, साहेब."

त्यानंतर कुणी विषय काढला नाही.
मी चष्म्याला दोरी लावली.

आज पहिली गोणी भरली पांढऱ्या भुकटीची.
पंचवीस किलो. नसीम म्हणाली,
साधारण सात हजार फोन, काका.
सात हजार खिसे, सात हजार उशा,
आणि वजन एका गव्हाच्या कट्ट्याहून कमी.

सुतळीने तोंड बांधलं.
टेम्पो चाकणच्या वाटेला लागणार,
तेवढ्यात छबू मागून आली
आणि गोणीवर एक चापट मारली,
बाजाराला निघालेल्या बैलाच्या
पाठीवर मारतात, तशी.