आकडा

परभणी. मे. पारा चव्वेचाळीसवर,
कूलरची टाकी कोरडी.
पडद्यावर मात्र जानेवारी आहे,
आर्क्टिकची न सरणारी रात्र, वर ढग.
उपग्रहाला दोन्हींचं काही वाटत नाही.

पंचवीस किलोमीटरचा एक चौकोन म्हणजे
इथून पूर्णेच्या अलीकडंपर्यंत :
पिंगळीचं स्टेशन, मिरखेलच्या बाभळी,
सगळं मिळून एक आकडा.

आकडा म्हणतो, बर्फ उजळ, ऊबदार.
समुद्र काळा, गार.
पहिल्या वर्षी वाटलं, माझा कोडच चुकला.
कांगणे सर म्हणाले,
पाणी आपली ऊब दडवून ठेवतं,
बर्फ सांगून टाकतो.

तेव्हा मौलाचाचा आठवला,
जिंतूर रोडच्या बर्फ कारखान्यातला.
भुशानं भरलेल्या भुवया, बोटांची सालं निघालेली.
"बरफ बी भाजतो, पोरी. हात लावून बघ."
लावला. आई गं.

त्याचा आकडा लोखंडी.
उलट्या बाजूनं लादीवर ठोकून सांगायचा
आत किती पांढरं, किती काच.
माझा ठोकत नाही,
आठशे किलोमीटर वरून नुसता ऐकतो.

ध्रुवाच्या माथ्यावर एक गोल भोक उरतं,
तिथून उपग्रह जातच नाही.
शेजारचे चौकोन बघून ते भरायचं, अशी रीत आहे.

कारखाना बंद पडला तेव्हा मी पुण्यात होते.
चाचाचं पुढं काय झालं ते शेजारी विचारलं.
कुणी म्हणालं हैदराबाद,
कुणी म्हणालं सेलूला, मोठ्या मुलीकडं.

तेवढा भाग मी राखाडी ठेवलाय.