एक शेअर

आम्ही कंपनीचा एक शेअर विकत घेतला.
एकच. सत्तावीस घरांनी मिळून.
कुणी आल्याचं पोतं विकलं,
पुगोंगने झुंजीचा कोंबडा.
हरला असता तर तसाही गेलाच असता, म्हणाला.

फॉर्म मी भरला. शाळेत गणित शिकवते म्हणून
असली कामं माझ्याकडे येतात.
भागधारकाचं नाव : नार्सिसा दिनाम्लिंग.
व्यवसायाच्या रकान्यापाशी मी थांबले, तर मावशी म्हणाली,
लिही : नाकेदार.
पुलाच्या अलीकडे रस्त्यावर आडवा बांबू आहे, तो तिचा.
तीन वर्षं झाली, डिझेलचा एकही टँकर
तिला विचारल्याशिवाय खाणीकडे गेलेला नाही
आणि विचारून तर नाहीच.

भागधारक असलं की लंडनच्या सभेत बसता येतं.
प्रश्न विचारता येतो, दोन मिनिटं.
मावशीनं बाटलीत नदी घेतली होती,
तांबूस, तळाशी बोटभर गाळ,
अध्यक्षांच्या टेबलावर ठेवायला.
मनिलाच्या विमानतळावर एका पोरसवदा शिपायानं ती काढून घेतली.
शंभर मिलिलिटरच्या वर पाणी नेता येत नाही, आजी.
कुणालाच?
कुणालाच.
मावशी माझ्याकडे वळली : हे लिहून घे.

दोन मिनिटांतलं एक दुभाष्यानंच खाल्लं.
उरलेल्यात ती एवढंच बोलली :
अकरा एप्रिलच्या रात्री
तुमचा बिल्ला लावलेले रखवालदार नाक्यावर आले.
तायाबानचा पाय तीन जागी मोडला.
आता एक शेअर माझाही आहे.
तर त्या काठीत माझा वाटा किती, तेवढं सांगा.

अध्यक्षांनी इतक्या लांबून आल्याबद्दल आभार मानले.
ते रखवालदार कंपनीचे नव्हते,
उपकंपनीच्या कंत्राटदाराच्या पोटकंत्राटदाराचे होते.
पोटात पोट, त्या पोटात पोट,
जेवत मात्र एकच तोंड होतं, हे मी मनात म्हटलं,
दुभाष्याला नाही सांगितलं.
मानवी हक्कांचं धोरण अहवालात पान एकेचाळीसवर आहे.
पुढचा प्रश्न.
बाहेर बिस्किटं ठेवली होती.
मावशीनं सहा रुमालात बांधली. हक्काची आहेत, म्हणाली.

मार्चमध्ये पाकीट आलं. आत धनादेश.
लाभांश : नऊ पेन्स.
तिकीटच त्याहून महाग होतं.

तीन संध्याकाळी गाव त्या कागदाभोवती बसलं.
परत पाठवा.
जाळा.
तायाबान म्हणाला, माझ्या पायाचे असतील,
आणि कुणी हसेना, तेव्हा स्वतःच हसला.
म्हातारा गिनिद बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला,
यातून पुढचा शेअर घेऊ. मग त्यावरून पुढचा.
असं करत करत सगळी खाण घ्यायला किती वर्षं लागतील, बाई?

मी हे गणित पाचवीला घातलं.
लोमाविगनं हात वर केला : सरळव्याज की चक्रवाढ?
सरळ धर, म्हटलं, आपल्याला कुठली चक्रवाढ.
फळा संपला. पोरांनी खडूनं फरशीवर लिहिलं,
मग दाराबाहेर, पायरीवर.
शून्यं अजून आहेत तिथं. पाऊस आला तर जातील.

धनादेश प्लास्टिकमध्ये घालून बांबूला बांधलाय.
काल टँकर आला. नवा ड्रायव्हर, हॉर्न वाजवत राहिला.
मावशी उठली, कागदाकडे बोट दाखवलं :
मालकीण बोलतेय. गाडी मागे घे.
त्यानं खाली उतरून वाचलं. पुन्हा वाचलं.
आकडा बघून हसायला लागला,
तिचा चेहरा बघून थांबला.
इंजिन बंद केलं. ऊन फार होतं.
प्यायला पाणी मिळेल का, म्हणाला.

पुलाखाली नदी होती, दहा पावलांवर.
मावशी झोपडीमागच्या पिंपाकडे गेली,
फडक्यातून गाळून तांब्याभर पाणी आणलं.
नदीचं आम्ही देत नाही.
कुणालाच.