फुंकरीचा दाब

बोट कापलं की हळद दाबून धरायची,
हे कुणी शिकवलं, आठवत नाही.
पण जखम जठरात असेल,
दातांपासून हातभर खाली, ओल्या अंधारात,
तर तिथे कुणाचं बोट पोचणार?

म्हणून ही नळी.
जेमतेम अडीच मिलिमीटर,
दुर्बिणीच्या आतून सरकत जाणारी.
तिच्या मागे पुडीची कुपी,
कुपीच्या मागे वायूचं नळकांडं,
आणि सगळ्यांच्या मागे मी,
अंबडच्या एका गाळ्यात, जिथे शेजारी
दिवसभर पंख्यांची पाती ठोकतात.

पूड कशी वाहते ते पुस्तकात आहे.
पण पुस्तकातली पूड कोरडी असते.
आमचीला ओल लागली की ती घट्ट होते.
तेच तर तिचं काम,
रक्त भेटलं की खपली व्हायचं.
फक्त कुठे व्हायचं
ते तिला कळत नाही.
नळीच्या तोंडाशीच धरते.

एकोणीस वेळा.
दर वेळी दातीरदादा नळी उभी चिरून दाखवायचे:
आत पांढरा खडू, पेराएवढा.
"मॅडम, ही घासच पुढं सरकवत नाही,"
हट्टी पोराबद्दल बोलावं तसं.

मग दाब वाढवला.
भद्रकालीतून आणलेली बोकडाची वजडी,
ट्रेमध्ये पसरलेली.
दोन बार. अडीच. तीन.
तीनला खडू सुटला
आणि पडद्यावर भिंत फडफडली,
फाटली.
डॉक्टर फरीदा कोकणी हातमोजे काढत म्हणाल्या,
"बोकड बरा. तक्रार करत नाही."

डिसेंबरात मोहाडीला गेले होते,
दातीरदादांच्या भाचीकडे बारशाला.
दव सुकलं होतं. शेजारच्या बागेत एकजण
ट्रॅक्टरमागे धुरळणी यंत्र लावून
भुरीसाठी गंधक मारत होता,
पिवळा धूर या ओळीतून त्या ओळीत.
मी बांधावर उभी राहिले. आत पाळणा चाललेला.
तो वळणावर थांबला तेव्हा विचारलं,
तोंड चोंदत नाही का याचं?

पुंजाराम त्याचं नाव. म्हणाला,
"आधी वारा सोडायचा ताई. नुसता वारा.
नळी कोरडी झाली की मग भुकटी.
आन् बंद करताना पहिली भुकटी, मागून वारा.
उलटं केलं की बसलं चोंदून."
चपला दाराबाहेर काढाव्यात
इतकं उघड.

बाळाचं नाव काय ठेवलं
ते मला अजून माहीत नाही.

सोमवारी झडप बदलली.
बटण एकच, टप्पे दोन:
अर्धं दाबलं की वारा,
पूर्ण दाबलं की पूड.
सोडताना अर्ध्यावर क्षणभर थांबायचं काम
स्प्रिंगकडे दिलं,
कारण रक्त दिसल्यावर माणूस थांबत नाही.
विसाव्या वेळी खडू नव्हता.
एकविसाव्या वेळी होता,
त्या दिवशी कुणी चहा मागवला नाही.
बाविसाव्यापासून नाही.

माणसात अजून गेलेली नाही ती.
परवानगीचा कागद फिरतो आहे, टेबलावरून टेबलावर.

वहीत मी लिहिलं होतं:
कुपीशी दाब अमुक, टोकाशी फुंकरीएवढा.
गुणवत्ता विभागाच्या क्षेमकल्याणींनी
लाल पेनाने फुंकर खोडली.
"हे एकक नाही. मोजता येतं का?"

येतं.
एका रात्री सगळ्यांना मापकाच्या नळीत फुंकायला लावलं.
समजा गुडघा फुटलाय, म्हटलं, लहान मुलाचा.
दातीरदादांनी भाता मारला.
चहावाल्या अल्ताफने आधी तोंड पुसलं.
माझी मलाच जरा जास्त वाटली.
सगळ्यात हलकी डॉक्टरांची,
काटा हलला की नाही
यावर आमचा अजून वाद आहे.