आधी कुणाला सांगितलंत?

खडे बाजारात, दुसऱ्या मजल्यावर
कंग्राळकर वकील चष्मा पुसत विचारतात:
अर्जाच्या आधी कुणाकुणाला सांगितलंत?

मी बोटं मोजायला घेते.
उद्यमबागेत चहाच्या गाड्यावर तर सगळ्यांनाच.
मोबाईल कास्टिंगजवळ धरला,
भरमाण्णानं हातोडी मारली,
पडद्यावर लाल रेघ उठली, आत भेग.
टाळ्या. कुणीतरी पावशेर कुंदा आणला.
तो खाऊन गेलेल्यातल्याच एकानं
परवा हुबळीत दुकान मांडलंय.
माझीच रेघ, फक्त निळी केलेली.

"बोललात, तिथंच गेलं," वकील म्हणतात.
"नवं म्हणजे न बोललेलं."

मी गप्प.
कारण प्रोग्रॅमच्या आधी एक दुपार होती,
भट्टीची धग, आणि भरमाण्णानं
माझं डोकं धरून कान चाकाशी नेलेला:
"ऐकूलीस काय? चांगलं लोखंड सावकाश विझतंय.
हे बघ, मधीच तुटलं. बिरुकु."

तीस वर्षं ठोकत आलाय तो,
येईल त्याला ऐकवत.

रकाना आहे: संशोधकाचं नाव.
पेन केव्हाचं टेकवलंय तिथं.
शाईचा ठिपका
कागदाच्या पाठीला उतरलाय.