पावती

घड्याळ, एक. स्टीलचं. काच तडकलेली.
खाली इंग्रज कारकुनाची लफ्फेदार सही.
एवढा एक कागद मी जपलाय.
पदकं वीब्केनं पोरांना खेळायला दिली
मी परतलो त्या पहिल्याच हिवाळ्यात.

त्या घड्याळावर मी टॉर्पेडोची धाव मोजायचो.
नळीतून सुटल्यापासून सेकंद. साठ. नव्वद. एकशे दहा.
पाणबुडीतली माणसं श्वास रोखून
माझ्या अंगठ्याकडे बघत.
ओनो, माझा इंजिनवाला,
कांदा चिरताना मिटावेत तसे डोळे मिटून घ्यायचा.
मग आवाज.
तो कानांआधी दातांना कळायचा.
मी वहीत लिहायचो: सहा हजार दोनशे टन.
नाव दिसलं तर नाव. बहुधा अंधार असायचा.

एकदा होड्या दिसल्या, दोन.
वर आलो, रमची बाटली दिली, बँडेजं दिली,
दिशाही सांगितली: पूर्व-ईशान्य, चारशे मैल.
चारशे मैल!
पलीकडच्या गल्लीतला पत्ता सांगावा तसं.
होडीतल्या एकानं माझे आभार मानले.
ते आभार अजून पचलेले नाहीत.

त्या जहाजात गहू होता, मागाहून कळलं.
गहू भिजला की फुगतो,
आणि पाण्याला न जमलेलं काम पुरं करतो:
पोलाद आतून फोडतो.

आमची पाळी एप्रिलात आली.
अकरा तास वरून डबे पडत होते.
आधी दिवे गेले, मग हवा आंबली,
मग मी वर यायचा हुकूम दिला.
एकोणीस जण निघालो.
ओनो व्हॉल्व्ह उघडायला मागे राहिला.
मी त्याला थांब म्हटलं नव्हतं.
थांबू नकोस, असंही म्हटलं नव्हतं.

कॅनडात आणलं. तळं, तारा, स्प्रूसची काळी झाडं.
सकाळ-संध्याकाळ आम्हाला मोजत.
मोजणारा मी, आता मोजला जात होतो;
आकडा जुळला नाही की बर्फात तासभर उभं.
आणि जेवायला पाव. पांढरा, मऊ, जाड कापलेला.
तिकडे लेअरला वीब्के बटाट्याच्या साली उकडत होती.
अन्नाला नावं ठेवू नयेत, आई म्हणायची.
नावं मी कधीच ठेवली नाहीत.
मी ते बुडवलं होतं.

पहारेकरी मॅकआयझॅक केप ब्रेटनचा, एका गुडघ्यानं अधू.
तळं गोठलं की आम्हाला
बर्फाच्या लाद्या कापायला न्यायचा.
एका दुपारी करवत थांबवून म्हणाला,
भावाचा पोरगा गव्हाच्या जहाजावर होता,
एक्केचाळीसचा ऑक्टोबर. ‘ग्लेन ऑर्वी’.
तुला काही ठाऊक?

नाही म्हणालो.
खोटं नव्हतं ते. नाव मला कळलंच नव्हतं,
फक्त वजन कळलं होतं.
त्यानं मान हलवली,
करवतीचं दुसरं टोक माझ्या हाती दिलं.
लादी सुटली. खालचं पाणी काळं, निवांत.
माझा अंगठा आपोआप दाबला गेला
कशावरच नाही.

सत्तेचाळीसला सुटलो.
गिरणीत पोती मोजायचं काम मिळालं,
ते पाठ वाकेपर्यंत केलं.
घड्याळ आलं नाही. मीही मागितलं नाही.
पण पावतीच्या पाठीवर, कधी कोण जाणे,
माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे:
ग्लेन ऑर्वी. सहा हजार दोनशे?

प्रश्नचिन्ह नंतरचं आहे.
शाई वेगळी दिसते.