पाकीट

ओडेल प्रुइटनं खिशातून पाकीट काढलं
तेव्हा मला वाटलं, जेवणाचे पैसे देतोय.
त्यानं ते स्नेअरच्या कातड्यावर ठेवलं,
कडेशी, जिथं आवाज उगाच रेंगाळतो,
आणि वर चिकटपट्टीचा तुकडा लावला.
आत चार डॉलर, गाडीचं लायसन,
समोरचे दात पडलेल्या मुलीचा एक फोटो.
एवढ्याशा वजनानं
ड्रमनं घसा खाकरणं थांबवलं.

साल एकाहत्तर. अलाबामात, नदीकाठी,
आधी सरकीचं गोदाम होतं ते;
उकाड्यात भिंतींना अजून तेलाचा वास यायचा.
मी एकोणीस वर्षांचा. टेप गुंडाळायचो, कॉफी आणायचो,
आणि कुणी विचारलंच तर सांगायचो,
वाजवतो मीही.

गाणं संथ होतं. इतकं,
की दोन ठोक्यांच्या मध्ये एखादा माणूस
आत येऊन, टोपी काढून,
मागच्या बाकावर बसला असता.
काचेपलीकडे वर्नेटा हॉलिफील्ड,
बूट बाजूला काढून, नुसत्या मोज्यांवर उभी.
ऑर्गन तिच्या पायाखाली
रविवार पसरत चाललेला.

पहिल्या कडव्यात ओडेल वाजवतच नव्हता.
मांड्यांवर हात,
बसची वाट बघत बसतात तसा.
टाच तेवढी आत कुठंतरी मोजत होती.
दुसऱ्या कडव्याला काठी आडवी करून
कडेवर
टक्.
शेजाऱ्याचं दार वाजवावं,
उघडलं नाही तरी राग नाही, अशा बेतानं.

हॅस्केल बटण दाबून म्हणाला,
"ओडेल, जरा भर की तिथं काहीतरी."
"होय सर," ओडेल म्हणाला,
आणि पुढच्या तिन्ही टेकना
काही भरलं नाही.

दुपारी पायरीवर सँडविच खाताना
मी विचारलं, शिकलात कुठं?
"आमच्या चर्चला ड्रम नव्हता. फळ्या होत्या.
झेनोबिया आत्या टाचेनं धरायची ठेका.
प्रार्थना म्हणणारा रडायला लागला
की तिची टाच थांबायची.
तो सावरेपर्यंत."
मग कागदाची घडी करून म्हणाला,
"मोहरी जास्त झालीय यात."

सातवा टेक.
शेवटचं धृपद, तिघी बहिणी मागून उठलेल्या,
ऑर्गन छताला टेकलेला,
आता काठ्या कोसळणार म्हणून
मी मीटरच्या काट्याकडे बघत होतो.
'घरी' या शब्दावर वर्नेटाचा आवाज फाटला.
थोडासाच. शिवणीवर.

आणि चौथा ठोका आला नाही.

मला वाटलं, टेप तुटली.
वाकून पाहिलं, चकत्या फिरत होत्या.
बासवाला मान वर करून ओडेलकडे बघत होता,
ओडेल वर्नेटाकडे,
हात हवेत, काठ्या
पाण्यातून काढलेल्या वल्ह्यांसारख्या.
तिनं श्वास घेतला.
तेव्हा टॉमवर तीन ठोके:
जड अंगाची बाई कठडा धरून
जिना उतरते तसे,
एकेका पायरीची खात्री करत.
शेवटच्या पायरीवर ती भेटली त्याला.
सम.

हॅस्केल बराच वेळ बटण दाबून होता.
बोलला काहीच नाही.

ओडेलनं पट्टी सोलली, पाकीट खिशात टाकलं,
मुलीला न्यायला उशीर होतोय म्हणून गेला.
रेकॉर्डच्या कव्हरवर त्याचं नाव नाही.
ऑर्गनवाल्याचं आहे, तेही चुकीचं छापलेलं.

मी पुढं तीस वर्षं लग्नांतून, बारमधून वाजवलं.
भरपूर भरलं.
परवा दुकानात, गोठवलेल्या भाज्यांपाशी,
छतातून तेच गाणं.
हातात वाटाण्याचं पाकीट, बोटं बधिर.
मागून ट्रॉली घेऊन आलेली बाई म्हणाली, जरा सरकता का?
मी म्हटलं, थांबा.
एक. दोन. तीन.

तिथं तो अजूनही नाही.
ती बाईही थांबली.